उसनं अडखळणं

१२ नोव्हेंबर, रविवार

जावईबापू,

असं लिहिलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. एरवी तू माझा भोंग्या. शाळेत तुझ्या 'हजर'ने शेजारच्या वर्गातली पोरं दचकायची म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं, आणि पुढे तू माझ्या बहिणीशी लग्न केलंस तरी ते बदललं नाही. आज बदललं.

काल रात्रीपासून फोन करतोयस. उचलत नाही. उचलून करू काय? मी पहिलं अक्षर बाहेर काढेपर्यंत तू माझी तीन वाक्यं बोलून मोकळा होतोस. कागदावर मी अडखळत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. तेव्हा गप बस आणि वाच. मध्ये बोलता येणार नाही, तेवढीच तुला शिक्षा.

बहिणीला, छोटीला मी सांगितलं की डोकं दुखत होतं म्हणून कार्यक्रम संपायच्या आत निघालो. तिने ते तुला सांगितलं असेलच. डोकं ठणठणीत होतं.

वाचनालयाच्या वरच्या त्या सभागृहात आपण किती वर्षं जातोय? त्यांची पद्धत तुला पाठ, मला पाठ. चहाच्या आधी नवोदित, प्रत्येकाला तीन मिनिटं, टेबलावरची बेल वाजली की उतरायचं. चहानंतर मान्यवर, त्यांना बेल नाही. केस पांढरे झाले तरी आपण दोघं चहाच्या आधीचेच. तू माझ्या कविता वाचायचास, आणि वाचून झाल्यावर दर वेळी न चुकता म्हणायचास, "मी नुसता भोंगा. कवी तिसऱ्या रांगेत बसलाय. उभा राहा रे!" मी उठायचो, हात जोडायचो, बसायचो. झाली माझी कीर्ती. खोटं कशाला सांगू, मला ती पुरत होती. बोलायचं संकट तुझ्याकडे आणि कविता माझ्याकडे, यापेक्षा चांगली वाटणी सख्ख्या भावांतही होत नाही.

या वेळी तुला चहानंतर बोलावलं. त्या दिवशी तू माझ्या कामाच्या जागी नाचत आलास. मी कुठल्याशा आजोबांच्या कवळीचे दात मेणात बसवत होतो, तू टेबलावर असा हात आपटलास की खालचे दोन दात वाकडे झाले. "अरे, आपल्याला बढती!" म्हणालास. 'आपल्याला' म्हणालास, मला स्पष्ट आठवतंय. आणि त्या आनंदात मी तुला आईची कविता दिली. कुणाला दाखवली नव्हती ती. छोटीलासुद्धा नाही. एकच अट घातली: सरळ वाच, नाटक करू नकोस. तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून सरळ वाचूनही दाखवलीस. इतकी सरळ की मला भरून आलं, आणि मी उगाच गॅसवर दूध ठेवायला वळलो.

मग काल काय केलंस ते?

*शब्द दारात अडतो.
आई दुकानदाराला म्हणते, थांबा,
तो आत येतोय,
चपला काढतोय.*

पहिल्याच ओळीत तू 'श'वर अडलास. मला वाटलं, घसा बसला याचा. मग तू उजवा डोळा मिटलास. मग अंगठा तर्जनीवर घासायला लागलास. हनुवटी वर गेली. आणि मला कळलं की हा मी आहे. तिथे, माइकसमोर, दिव्यांच्या उजेडात, शंभर लोकांसमोर तू माझं तोंड करत होतास. सगळं अगदी बरोब्बर. शब्द सुटतो तेव्हा मान जी खाली झटकते, तीसुद्धा.

लोक श्वास रोखून बसले होते. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

टाळ्या सुरू झाल्या आणि मी सवयीने उठलो. पुरता नाही, अर्धा. तुझं ते "उभा राहा रे" आता येईल म्हणून गुडघे आपोआप सरळ झाले, हातही जोडले गेले. तू वाकून टाळ्या घेत होतास. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, बसा ना खाली, दिसत नाहीये." मी बसलो.

त्यानंतर अध्यक्षबाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "या कवीने अडखळण्याला भाषा दिली." भाषा दिली म्हणे! माझ्याकडे ती जन्मापासून पडून आहे, कुणी फुकट नेत नव्हतं. तू छातीवर हात ठेवून मान लववलीस. मग मी निघालो.

तुला काय म्हणायचंय ते लिही. बोलू नकोस.

– मी

१६ नोव्हेंबर, गुरुवार

भोंग्या,

तुझा निरोप मिळाला. लिहायला सांगितलं तर मोबाइलवर चार ओळी खरडल्यास. "गैरसमज करून घेऊ नकोस. नाव सांगायला वेळच नव्हता, बाई लगेच उठल्या. पुढच्या वेळी नक्की. आणि सादरीकरण म्हणून थोडं करावं लागतं रे."

वेळ नव्हता! पहिल्या चार ओळींना तू किती वेळ लावलास ते आठवतंय का? तेवढ्यात माझं नाव, पत्ता आणि चपलेचा नंबर सांगून झाला असता. तुला तीन शब्द म्हणायचे होते: 'कविता त्याची आहे'. दोन अंधाऱ्या खोल्या 'हवेशीर, प्रशस्त' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना तुझी जीभ कधी थकत नाही. दलालाची जीभ ती. तिला नेमके हेच तीन शब्द जड झाले?

आणि सादरीकरण कशाला म्हणतोस? मी बाजारात भाजी घेतो तेव्हा काय सादरीकरण करतो?

तुला एक आठवण करून देतो. चौथीत तो वाण्याचा मुलगा माझ्यासमोर डोळा मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, "गाडी सुरू होत नाही का? धक्का देऊ?" आख्खा वर्ग खिदळायचा. तू त्याला पाण्याच्या टाकीमागे नेऊन असा बदडलास की त्याच्या आईने तुमच्या दारात येऊन तमाशा केला. तुझा सदरा फाटला, घरी तुला वेगळा मार पडला, आणि दुसऱ्या दिवशी तू सुजलेल्या गालाने माझ्या बाकावर येऊन बसलास. त्या दिवसापासून तू माझा. जगात सगळ्यांनी माझी नक्कल केली असेल, मास्तरांनी केली, एका डॉक्टरने केली, पण भोंग्या करणार नाही, हे मी इतकं धरून चाललो होतो की त्याचा कधी विचारसुद्धा केला नाही. जमिनीचा कुणी विचार करतो का?

बाकीच्यांनी केली तेव्हा नुसती दुखायची. तू केलीस तेव्हा लाज वाटली. माझी मलाच. मी असा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं, तू दाखवलंस.

पण ठीक आहे. माणूस माइकसमोर वाहवतो. मी तुझ्यावर इतकं तरी प्रेम करतो की ही सबब तुझ्या वतीने मीच काढून ठेवलीय. आता ऐक. दहा डिसेंबरला त्यांनी लोकाग्रहास्तव पुन्हा कार्यक्रम ठेवलाय आणि तू त्यात आहेस, हे मला वाचनालयाच्या फळ्यावर कळलं. तिथे जा, हीच कविता वाच, सरळ वाच, आणि ती कुणाची ते सांग. मला उभं करायची गरज नाही. नुसतं सांग. मग रविवारी जेवायला या आणि आपण हा विषय जन्मात काढणार नाही. तुझ्या घशावर मी आयुष्य काढलंय, मी असा एका संध्याकाळीत तुला टाकणार नाही.

हो किंवा नाही, एवढंच कळव.

– मी

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

तू उत्तर दिलं नाहीस. छोटीला पाठवलंस. वा रे शूर.

काल दुपारी ती माझ्या कामाच्या जागी आली. मी प्लास्टर कालवत होतो. ते कालवलं की थांबता येत नाही, लगेच घट्ट होतं, म्हणून मी मान वर न करता तिला स्टूल दाखवलं. ती बसली नाही. तिथे फळीवर लोकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेत, त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तिला काही कबूल करायचं असलं की ती दुसरीकडेच बघते.

"दादा, तो फार घाबरलाय," म्हणाली.

मी म्हणालो, "क-क-कशाला?"

"तू नातं तोडशील म्हणून. आणि तिकडे सांगितलं तर तिकडचंही जाईल म्हणून. आता सगळे त्याला कवी म्हणतात रे. आयुष्यभर लोक त्याला दलाल म्हणाले. तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! आयुष्यभर मला काय म्हणाले ते हिला कोण सांगणार? पण मी हात धुतले आणि तिला पाणी दिलं. मग तिने आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तू घरी आरशासमोर सराव करायचास. आधी डोळा, मग अंगठा, मग मान. ती स्वयंपाकघरातून बघायची. "मी हसले, दादा," म्हणाली. "अगदी तुझ्यासारखं झालं होतं, म्हणून हसू आलं. तो म्हणाला, जमलं ना? मी म्हणाले, हनुवटी अजून वर घे." आणि मग रडायला लागली.

म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात सरळ वाचून दाखवलीस तेव्हा घरचा सराव चालू होता. मी दूध तापवत होतो आणि तू माझी परीक्षा पास होत होतास. वाहवलो, असं आता म्हणू नकोस. ती सबब मी परत घेतली.

तिच्यावर मी रागावलो नाही. रागवायला गेलो असतो तर शब्द फुटायच्या आत ती गेली असती. पण आज लिहितोय तर लिहून टाकतो, मला तिचंही वाईट वाटलं. ती माझ्या मांडीवर वाढली. माझ्या तोंडातून शब्द येईपर्यंत शांत बसणारं ती जगातलं दुसरं माणूस.

पहिली आई. आणि आता तिथेच येतो.

जाता जाता छोटी दारात थांबली. म्हणाली, "अजून एक आहे. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते." त्या दिवशी अध्यक्षबाईंनी तुला बाजूला घेऊन विचारलं, लहानपणी तुम्ही स्वतः अडखळायचात का? आणि तू म्हणालास, हो. म्हणालास, माझ्या आईने मला बरं केलं.

तुझ्या आईने! तुझी आई म्हणजे ती भली बाई, जी एका श्वासात चार घरांची भांडणं सांगायची, आणि तुला बरं करायचं म्हणजे तुझं तोंड बंद करावं लागलं असतं. दुकानदारासमोर थांबली ती माझी आई. मागे रांग लागायची, लोक च्यक च्यक करायचे, आणि ती पिशवी हातात धरून उभी राहायची. माझा शब्द तिने कधीही पुरा केला नाही. सगळे करायचे, तूही करतोस, प्रेमाने करतोस. ती एकटी करायची नाही. आणि ती गेली त्या सकाळी मला काहीतरी सांगत होती आणि तिलाच शब्द सापडत नव्हता, आणि मी थांबलो. तो शब्द आलाच नाही. ही आहे ती कविता. आता कळलं ती मी कुणाला का दाखवत नव्हतो?

कविता नेलीस, एक वेळ चालेल. माझं तोंड नेलंस, तेही मी गिळलं असतं, काय माहीत. आईला कसं नेलंस रे? काही लाज?

छोटीबरोबर निरोप पाठवलायस की "दोन नव्या कविता असतील तर दे." तुझी हिंमत दांडगी आहे. नाहीत.

आणि दहा तारखेला मी काय करणार ते सांगून ठेवतो, मागाहून दगा दिला म्हणू नकोस. नवोदितांत मी माझं नाव दिलंय. ती कविता मी वाचणार आहे. तू चहानंतर आहेस, मी चहाच्या आधी. लोक दोन्ही ऐकतील आणि कोण कोणासारखं बोलतंय ते त्यांना कळेल. मी कुणावर आरोप करणार नाही, तेवढं बोलायला मला तीन मिनिटं पुरायची नाहीत. नुसती कविता वाचेन. तुझ्यात थोडी जरी धुगधुगी असेल तर तू उठशील आणि खरं सांगशील.

मला भीती वाटते आहे. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू? हीच तर पंचाईत आहे.

११ डिसेंबर, सोमवार

तू तिथे होतास. सगळं पाहिलंस. तरी लिहितोय, कारण तू घरी जाऊन छोटीला वेगळंच सांगितलं असशील.

माझ्या आधी एक कॉलेजातली मुलगी होती, चांगली वाचली तिने. मग निवेदिकेने मला बोलावलं. पायऱ्या चढताना माझी चप्पल सटकली, लोक हसले, प्रेमानेच हसले. तू मान्यवरांच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. मी कागद धरला आणि 'श'वर अडलो.

अडणारच होतो. त्याची तयारी होती. माझा डोळा मिटला, अंगठा चालू झाला, आणि मला समोरून कुजबुज ऐकू आली. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "ही तर मागच्या वेळचीच कविता." ती म्हणाली, "नक्कल करतोय बिचारा. त्यांच्यासारखं कुठलं जमायला!"

भोंग्या, ते ऐकून मला आधी हसूच आलं. खरंच. जन्मभर दुसऱ्यांनी माझी नक्कल केली आणि आता मीच माझी नक्कल करतोय, आणि तीही भिकार! मग पुढची ओळ घशात रुतून बसली. मी तुझ्याकडे बघितलं. सगळ्या सभागृहात तुला एकट्याला माहीत होतं की हे नाटक नाही. तू उठून काही बोलशील, असं मला त्या क्षणीसुद्धा वाटलं, इतका मी मूर्ख. तू खाली कार्यक्रमपत्रिका वाचत होतास. छोटी तुझ्या मागच्या खुर्चीवर तोंडावर पदर धरून.

दुसऱ्या कडव्यात बेल वाजली. निवेदिका गोड होती, म्हणाली, "काका, छान प्रयत्न, पण मूळ कवी आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडूनच ऐकू या." टाळ्या पडल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. तेच अडखळणं तू केलंस की त्याला विराम म्हणतात, मी केलं की बेल वाजते.

तरी मी थांबलो. चहानंतर तू वाचलीस ती ऐकायला थांबलो. मनात म्हटलं, आता तरी. तू आधीपेक्षा जास्त अडखळलास. हनुवटी अजून वर घेतलीस.

आणि मग फाटकापाशी तू मला गाठलंस. मला वाटलं, माफी मागायला आला. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, नेहमीसारखा, सगळा भार टाकून, आणि म्हणालास, "चांगलं केलंस रे. खरंच धीराचं काम. फक्त दुसऱ्या कडव्यात तू फार लांबवतोस. तिथे लोकांचं लक्ष उडतं. अडायचं, पण किती, ते कळलं पाहिजे."

तू चेष्टा करत नव्हतास. मी तुझा चेहरा चाळीसेक वर्षं बघतोय, चेष्टा करताना तुझा डावा गाल हलतो. तू मनापासून सांगत होतास. अडखळावं कसं, ते तू मला शिकवत होतास.

त्या क्षणापर्यंत मी तुझ्यावर चिडलो होतो. चिडण्यात एक आशा असते, माणूस भानावर येईल अशी. तिथे ती संपली. तुला आता ते तुझंच वाटतं. कविता, आई, सगळं. तू खोटंही बोलत नाहीस, म्हणून तुला खरं बोलायला लावणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

मला जे बोलायचं होतं ते मी बोलायला लागलो. तू दोनदा मध्ये शब्द घातलेस, दोन्ही चुकीचे. एकदा "राग नाही ना?" आणि एकदा "रविवारी येतो." मी मान हलवत राहिलो आणि बोलत राहिलो. लोक आपल्याला वळसा घालून जात होते. वाक्य पुरं झालं तेव्हा तुझा हात माझ्या खांद्यावरून आपोआप खाली आला. तू ऐकलंस. पण तू ते दुसऱ्याला सांगताना बदलशील म्हणून इथे लिहून देतो. मी म्हणालो, "माझ्या घरी येऊ नकोस."

मला फार वाईट वाटतंय. आज सकाळी प्लास्टर कालवताना मी मध्येच थांबलो आणि ते भांड्यातच घट्ट झालं, टाकून द्यावं लागलं. कवितांचं मला काही नाही, त्या पुन्हा होतील. तुझ्यासारखा दोस्त पुन्हा व्हायला मला पुन्हा चौथीत जावं लागेल.

ती कविता तूच वाच. लोकांना तुझी आवडते.

छोटी माझी बहीण आहे, ती राहील. जावयाला दाराबाहेर ठेवतात का, असं लोक विचारतील. मी त्यांना सांगेन, सावकाश सांगेन. तिला म्हणावं, रविवारी मी घरी आहे. जेवायला ये. एकटी ये.

– तिचा दादा